डोळ्यांची खाज आणि गोळीची परीक्षा

पावसाची झोड ओसरून भाद्रपदाचे शेवटचे दिवस आले, म्हणजे जावळीच्या खोऱ्याला निराळीच शोभा येते. वेण्णेचें पाणी निवळूं लागतें, मेढ्याच्या आसपासचें भात पोटरींत येतें, वर कासच्या पठारावर रानफुलें उमलतात आणि डोंगरउतारावरच्या गवताला तुरे धरतात. कित्येक घरांत मात्र हाच काळ डोळ्यांच्या तक्रारीचा असतो. सकाळीं उठल्यापासून शिंकांची सरबत्ती चालते, डोळे चुरचुरतात, पाणी गळतें, पापण्या सुजतात, आणि खाज तर अशी सुटते कीं, चोळूं नको म्हटलें तरी हात आपोआप डोळ्याकडे जातो. मग कोणी गुलाबपाणी घालतो, कोणी औषधांच्या दुकानांतून एखादी गोळी मागून आणतो. शेजाऱ्यांना गुण आला, एवढी शिफारस त्या गोळीला पुरते.

परंतु त्या गोळीला खरोखर गुण आहे कीं नाहीं, असल्यास तो किती वेळांत येतो, किती काळ टिकतो, आणि त्याच्या मोबदल्यांत शरीराला काय द्यावें लागतें, हे प्रश्न शेजाऱ्याच्या अनुभवावरून सुटत नाहींत. ते सोडविण्याची एक शास्त्रीय रीत आहे. ती कशी घडत गेली व तिच्यांतून काय निष्पन्न झालें, हें समजून घेणें प्रत्येक सुज्ञ कुटुंबाच्या हिताचें आहे.

प्रथम रोगाची ओळख करून घेतली पाहिजे. “डोळे येणें” आणि ही खाज या दोन गोष्टी एक नव्हेत. डोळे येतात ते जंतूंमुळें अथवा विषाणूंमुळें. तो विकार एकापासून दुसऱ्यास होतो, चिपडांनीं पापण्या चिकटतात, आणि खाजेपेक्षां टोचणी अधिक असते. दुसरा प्रकार वावड्याचा. तो संसर्गानें पसरत नाहीं. बहुधा दोन्ही डोळ्यांना एकदम त्रास होतो, नाकही त्यांच्या सोबतीला असतें, आणि सर्व लक्षणांत खाज मुख्य असते. खाज मुळींच नसेल तर वावड्याचा संशय फारसा धरूं नये, असा वैद्यकांतला ठोकताळाच आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं अशा विकारांसाठीं “ॲलर्जी” हा शब्द बनविला. मराठींत “वावडें” हा चपखल शब्द त्यापूर्वींच रूढ होता. दहा जणांना जें पचतें, तें अकराव्याला सोसत नाहीं, हा ॲलर्जीचा सारा अर्थ त्यांत आला.

हें वावडें कशाचें? मेढ्याच्या बाजूस या दिवसांत फुलांचा बहर एवढा असतो कीं, खापर कासच्या फुलांवर फोडण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु डोळ्यांत भरणारीं रंगीत फुलें बहुधा निरपराध असतात. त्यांचे पराग जड व चिकट असून ते कीटकांच्या अंगाला लागून प्रवास करतात. वाऱ्यावर फारसे उडत नाहींत. खरे अपराधी तीं झाडें, ज्यांचें फूल कोणी पाहिलेंच नसतें. गवतांचें परागीकरण वाऱ्यावर अवलंबून असल्यानें तीं आपले हलके पराग विपुल प्रमाणांत हवेंत सोडून देतात. दारापुढची हरळीसुद्धां यांतलीच. त्यांच्या जोडीला आतां गाजर गवत आलें आहे. मूळचें अमेरिका खंडांतलें हें तण १९५५ सालीं पुण्यांत आढळल्याची नोंद झाली, आणि पुढें तें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें कातडीचा विकार होतो, आणि त्याच्या परागांनीं नाकाडोळ्यांना त्रास होतो. त्यावर उपाय म्हणून १९८४ सालीं मेक्सिकोंतून त्याचीं पानें खाणारे भुंगेरे आणून सोडण्यांत आले, तरी तण हटलेलें नाहीं. याखेरीज दमट घरांतल्या गाद्याउशांत वाढणारे धुळींतले सूक्ष्म कीटक हेंही एक मोठें कारण आहे. त्यांना ऋतूचें बंधन नसतें.

परागांचा आणि डोळ्यांचा हा संबंध उलगडण्यास वेळ लागला. १८१९ सालीं लंडनमध्यें डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनीं दरवर्षीं उन्हाळ्यांत डोळे व छाती यांना होणाऱ्या एका विकाराचें वर्णन वैद्यकीय सभेपुढें वाचलें. रोगी ते स्वतःच होते. कारण मात्र त्यांना गवसलें नाहीं. तें मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनीं शोधून काढून १८७३ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. यांनाही तोच विकार होता. त्यांनीं गवताचे पराग साठवून ठेविले, आणि ऋतु नसतांना ते आपल्याच नाकांत, डोळ्यांत व ओरखडलेल्या त्वचेवर लावून पाहिले. प्रत्येक वेळीं त्रास उद्भवला. हवेंत पराग किती उंच जातात हें पाहण्यासाठीं त्यांनीं चिकट काच लावून पतंगही उडविले. कारण म्हणून जें संशयित आहे, तें ठरावीक मात्रेंत मुद्दाम डोळ्यांत घालावें आणि काय होतें तें मोजावें, ही आजच्या चाचण्यांची मूळ कल्पना ब्लॅकली यांच्या या धाडसांत आहे.

पराग डोळ्यांत गेल्यावर आंत काय घडतें? डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आंतून एक पातळ आवरण असतें. त्यांत मास्ट नांवाच्या पेशी ठिकठिकाणीं असतात. ज्याला वावडें आहे त्याच्या शरीरांत त्या विशिष्ट परागाला ओळखणारें एक प्रतिद्रव्य तयार झालेलें असून तें या पेशींवर पहारेकऱ्यासारखें बसलेलें असतें. पराग येऊन त्याला भिडतांच पेशी फुटल्यासारखी होऊन आंतलीं द्रव्यें बाहेर टाकते. त्यांतलें प्रमुख द्रव्य हिस्टामिन. तें मज्जातंतूंना चाळवतें म्हणून खाज सुटते. केशवाहिन्या फुगवितें म्हणून डोळा लाल होतो. त्यांच्या भिंतींतून द्रव झिरपूं देतें म्हणून पापणी सुजते. ही सारी हालचाल कांहीं मिनिटांत होते. हिस्टामिनचे शरीरावरचे परिणाम १९१० च्या सुमारास इंग्लंडांत हेन्री डेल व त्यांचे सहकारी पॅट्रिक लेडलॉ यांनीं तपासले.

हिस्टामिनला पेशींच्या दारांतच अडवितां आलें तर? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें डॅनियल बोव्हे यांनीं १९३७ सालीं असें पहिलें द्रव्य दाखविलें. तें माणसांस देण्याजोगें नव्हतें. पण १९४२ सालीं फ्रान्समध्येंच बर्नार्ड हालपर्न यांनीं रुग्णांना देतां येईल असें औषध उपयोगांत आणलें. १९४६ पासून अमेरिकेंत डायफेनहायड्रामिन मिळूं लागलें. बोव्हे यांना १९५७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या औषधांचें काम कुलुपाच्या उपमेनें कळतें. हिस्टामिन ही किल्ली आणि पेशीवरचें ग्राहक-स्थान हें कुलूप. औषध त्या कुलुपांत आधींच जाऊन बसतें, मग किल्ली फिरत नाहीं. यावरून एक गोष्ट उघड होते. कुलूप एकदां उघडून गेल्यावर औषध घेण्यापेक्षां तें अगोदर घेतलेलें अधिक उपयोगी.

नवें औषध आलें म्हणजे त्याच्यावर नाहीं नाहीं त्या गुणांचा आरोप होतो. १९४९ च्या सुमारास हिस्टामिनविरोधी गोळ्या साध्या पडशावर रामबाण आहेत, असा अमेरिकेंत गाजावाजा झाला व त्यांचा खप बेसुमार वाढला. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्यांची परीक्षा घेतली. पडसें झालेल्या अनेक लोकांना दोन गटांत विभागून एका गटाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली. कोणती कोणाची, हें घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतें. १९५० सालीं निकाल बाहेर आला तो असा कीं, दोन्ही गटांतले लोक जवळजवळ सारख्याच प्रमाणांत बरे झाले होते. “गोळीनें पडसें गेलें” असें शपथेवर सांगणारे खोटें बोलत नव्हते. त्यांचें पडसें गेलेंच होतें. फक्त तें गोळीनें गेलें नव्हतें.

डोळ्यांच्या खाजेविषयीं हाच धोका तिप्पट आहे. पहिली फसवणूक निसर्गाची. पावसाची एक सर आली, वारा पडला, कीं हवेंतले पराग खालीं बसतात आणि त्रास आपोआप उणावतो. त्या दिवशीं जो कोणी गोळी घेईल त्याला ती गुणकारी वाटेल. शिवाय माणूस गोळी घेतो ती त्रास कळसाला पोंचल्यावर, आणि कळसानंतर उतार हा यावयाचाच. दुसरी फसवणूक आशेची. खाज ही रुग्णाला जाणवणारी गोष्ट आहे, तिला तापाप्रमाणें नळींत मोजतां येत नाहीं, आणि औषध घेतलें या विश्वासानेंच ती कांहीं अंशीं कमी वाटते. तिसरी फसवणूक परीक्षकाची. आपलें औषध यशस्वी व्हावें अशी इच्छा असलेल्या वैद्याला लाली थोडी कमीच दिसते. म्हणून तीन पथ्यें पाळावीं लागतात. तुलनेसाठीं निर्गुण गोळी हवी. कोणाला कोणती मिळावी हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें केवळ योगायोगानें ठरावें. आणि घेणारा व तपासणारा दोघांनाही शेवटपर्यंत तें कळूं नये.

हीं पथ्यें पाळून परीक्षा तीन ठिकाणीं घेतां येते. पहिलें ठिकाण रोजचें जीवन. रुग्ण ऋतुभर गोळी घेतात आणि खाज, पाणी व लाली यांना रोज शून्यापासून तीनपर्यंत गुण देऊन वहींत टिपतात. ही परीक्षा खऱ्या आयुष्याला जवळची, पण एक रुग्ण शेतांत राबतो आणि दुसरा कचेरींत बसतो, तेव्हां दोघांच्या डोळ्यांत गेलेले पराग सारखे नसतात. दुसरें ठिकाण म्हणजे बंद दालन. व्हिएन्नांत अशा खास खोल्या बांधल्या गेल्या, जेथें मोजून सोडलेल्या परागांच्या हवेंत सर्व स्वयंसेवक ठरावीक तास बसतात. तिसरी रीत थेट डोळ्याची. अमेरिकेंत मार्क एबलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती १९९० सालीं व्यवस्थित मांडली. ऋतु नसतांना स्वयंसेवकाच्या डोळ्यांत वावड्याच्या पदार्थाचा सौम्य द्राव थेंबानें घालतात व खाज आणि लाली ठरावीक पायरी गाठीपर्यंत मात्रा हळूहळू वाढवितात. त्या मात्रेनें पुन्हां तोच परिणाम होतो, याची कांहीं दिवसांनीं खात्री करतात. मग औषध देऊन तीच मात्रा घालतात. पहिल्या कांहीं मिनिटांत रुग्ण आपल्या खाजेला शून्य ते चार असे गुण देतो. लालीला थोड्या वेळानें वैद्य देतो.

येथें गोळी आणि थेंब यांच्या परीक्षेंत एक मार्मिक फरक पडतो. थेंबांची परीक्षा घेतांना एका डोळ्यांत औषध व दुसऱ्यांत साधे अश्रुसदृश थेंब घालून एकाच माणसाच्या दोन डोळ्यांची तुलना करतां येते. याहून न्याय्य जोडी सांपडणें कठीण. गोळी मात्र पोटांतून रक्तांत आणि रक्तांतून दोन्ही डोळ्यांत जाते. तिच्यासाठीं एक तर निराळीं माणसें घ्यावीं लागतात, किंवा त्याच माणसाला मधें पुरेसे दिवस जाऊं देऊन दुसरी गोळी द्यावी लागते. म्हणून गोळीच्या परीक्षेला माणसें अधिक व वेळही अधिक लागतो. गोळी दिल्यावर किती वेळानें डोळ्याला पराग दाखवावयाचा, हेंही महत्त्वाचें. अर्ध्या तासानें दाखविला तर चांगली गोळीही नापास होईल, आणि दोन तासांनीं दाखविला तर तीच उत्तीर्ण होईल. त्यामुळें गुण केव्हां सुरू होतो व केव्हां संपतो, हे दोन प्रश्न वेगवेगळ्या वेळा ठरवून विचारावे लागतात.

आतां निकाल. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या पिढींतल्या गोळ्या डोळ्यांची खाज व पाणी निर्गुण गोळीपेक्षां निश्चितपणें अधिक कमी करतात; हें पुष्कळ चाचण्यांतून दिसलें आहे. लालीवर त्यांचा प्रभाव त्या मानानें उणा. नाक आणि डोळे दोन्ही त्रास देत असतील तेव्हां गोळी सोयीची. परंतु केवळ डोळ्यांचाच प्रश्न असेल तर हिस्टामिनविरोधी थेंब पुढें जातात. ते कांहीं मिनिटांत काम करूं लागतात, गोळीला बहुधा तासभर अथवा अधिक वेळ लागतो. आणि थेंब जेथें हवे तेथेंच पडतात. लोराटाडिनची गोळी आणि ओलोपाटाडिनचे थेंब यांची डोळ्याच्या परीक्षेंत गांठ घातली असतां खाजेवर थेंब सरस ठरले.

गोळीचा आणखी एक दोष चाचण्यांनीं उजेडांत आणला. निरोगी माणसांना सेटिरिझिन व लोराटाडिन कांहीं दिवस देऊन २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अश्रूंचें प्रमाण मोजलें, तेव्हां तें घटलेलें आढळलें. अश्रु म्हणजे नुसतें पाणी नव्हे. डोळ्यांत पडलेले पराग धुऊन काढणारा तो निसर्गाचा झरा आहे. तो आटला तर पराग अधिक वेळ चिकटून राहतात आणि कोरडेपणाची चुरचुर खाजेंत मिसळते. ज्यांचे डोळे मुळांतच कोरडे आहेत, अशा वृद्धांनीं व दिवसभर संगणकापुढें बसणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

सर्वांत मोठा प्रश्न झोपेचा. जुन्या पिढींतल्या क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन इत्यादि गोळ्या मेंदूंत सहज शिरतात. मेंदूंत हिस्टामिनचें काम जागें ठेवण्याचें; तेथें तें अडविलें कीं ग्लानि येते. या गोळ्या स्वस्त असून आजही अनेक मिश्र औषधांत असतात. अमेरिकेंतल्या आयोवा विद्यापीठांत २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वावड्याचा विकार असलेल्या ४० चालकांना कृत्रिम मोटारींत बसवून, निरनिराळ्या दिवशीं फेक्सोफेनाडिन, डायफेनहायड्रामिन, मद्य आणि निर्गुण गोळी दिली. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर त्यांचें चालविणें मद्य घेतल्यापेक्षांही वाईट झालें. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर तें बिघडलें नाहीं. त्याहून चिंतेची गोष्ट ही कीं, झोप किती येत आहे याचा चालकांचा स्वतःचा अंदाज भरंवशाचा ठरला नाहीं. मेढ्याहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरास गाडी नेणारानें “मला कांहीं होत नाहीं” या जाणिवेवर विसंबूं नये, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

विद्यार्थ्यांचेंही असेंच. ब्रिटनमध्यें १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांची पाहणी २००७ सालीं प्रसिद्ध झाली. सराव परीक्षेपेक्षां मुख्य परीक्षेंत ज्यांची श्रेणी घसरली, त्यांच्यांत परागांच्या ऋतूंत त्रास होणारे अधिक होते. आणि झोप आणणाऱ्या गोळ्या घेणारांचें प्रमाण तर त्याहूनही ठळक होतें. म्हणजे खाज अंगावर काढणेंही बरें नाहीं आणि कोणतीही गोळी देणेंही बरें नाहीं. योग्य गोळी निवडणें हाच मार्ग.

झोप न आणणारी म्हणून आलेली पहिली प्रसिद्ध गोळी टर्फेनाडिन. अमेरिकेंत ती १९८५ सालीं आली व अतिशय लोकप्रिय झाली. पुढें असें आढळलें कीं, कांहीं प्रतिजैविकें अथवा बुरशीवरचीं औषधें यांच्या जोडीनें घेतल्यास ती हृदयाच्या ठोक्यांत प्राणघातक बिघाड करूं शकते. १९९८ पर्यंत तिला तेथील बाजारांतून निरोप मिळाला. शरीरांत तिचें रूपांतर होऊन जो निर्धोक अंश उरत असे, तोच फेक्सोफेनाडिन या नांवानें १९९६ सालीं वेगळें औषध म्हणून आला. कांहीं शेंकडा माणसांवरची चाचणी गुण सांगते. लाखांतल्या एखाद्याला होणारा अपाय मात्र औषध बाजारांत गेल्यावरच दिसतो. म्हणून परीक्षा पहिल्या निकालाबरोबर संपत नाहीं.

ज्यांच्यावर चाचणी होते, त्यांच्या हक्कांचा विचारही झाला पाहिजे. भारतांत २००७ सालीं अशा चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यांत आधींच करणें बंधनकारक झालें. यामुळें गैरसोयीचा निकाल दडपणें कठीण होतें. २०१९ च्या नियमांप्रमाणें नीतिसमितीची संमति, सहभागी होणाराची समजून-उमजून दिलेली लेखी संमति आणि चाचणीमुळें इजा झाल्यास भरपाई या गोष्टी आवश्यक आहेत. खेड्यांतल्या माणसालाही कागदावर अंगठा देण्यापूर्वीं “ही गोळी कदाचित् निर्गुण असेल का?” असें विचारण्याचा, आणि केव्हांही नाहीं म्हणून उठून जाण्याचा पूर्ण अधिकार आहे.

राहतां राहिला एक अत्यंत गंभीर इशारा. लहान मुलांत, विशेषतः मुलग्यांत, या वावड्याचा एक उग्र प्रकार आपल्या उष्ण देशांत आढळतो. डोळे सतत खाजतात, उजेड सहन होत नाहीं, तार सुटणारा चिकट स्राव येतो. स्टेरॉइडचे थेंब घातले कीं एका दिवसांत आराम पडतो. म्हणून पालक तीच बाटली पुनःपुन्हां विकत आणतात. हे थेंब वैद्याच्या देखरेखीवांचून महिनोगणती घातले, तर डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदु होतो व दृष्टीची शीर मरते. मेलेली शीर कोणत्याही औषधानें परत येत नाहीं. मोतीबिंदूचाही संभव असतो. खाजेपायीं दृष्टि गमावणें यासारखा महागडा सौदा नाहीं. सतत डोळे चोळण्याचाही बुबुळ पातळ होऊन पुढें येण्याच्या विकाराशीं संबंध आढळला आहे. म्हणून मुलाचा हात आवरणें हाही उपचारच.

घरांत पाळण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. थंड पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवावी. बाहेरून आल्यावर तोंड, पापण्या व केस धुवावेत. वाऱ्याच्या दिवशीं चष्मा लावावा. गाजर गवत फुलण्यापूर्वींच, हातमोजे घालून, उपटावें. त्रासाचा ऋतु ठाऊक असेल तर वैद्याच्या सल्ल्यानें औषध आधींपासून सुरू करावें. डोळा दुखत असेल, अंधुक दिसत असेल, किंवा एकच डोळा लाल झाला असेल, तर तें वावडें समजून घरीं बसूं नये, नेत्रवैद्य गांठावा.

आणि कोणी नवी गोळी सुचविली तर तीन प्रश्न विचारावेत: ती निर्गुण गोळीशीं पडताळून पाहिली आहे काय? तिनें झोप येते काय? ती माझ्या दुसऱ्या औषधांशीं जुळते काय? हे तीन प्रश्न ऐकून घेऊन नीट उत्तर देणारा वैद्य लाभला, तर भाद्रपदांत पठारावरचीं फुलें पाहण्यास डोळे मोकळे राहतील.